मेंदूची गाठ आणि परांड्याची नोंदवही : धाराशिव जिल्ह्यातील कर्करोग-संशोधनाच्या पैशाचा इतिहास

१/
परांडा म्हटले की इतिहासप्रेमींना किल्ला आठवतो आणि तेथून विजापुरास गेलेली मुलूखमैदान तोफ आठवते. भूम म्हटले की बालाघाटाच्या कुशीतला, पावसाची वाट पाहणारा तालुका डोळ्यांसमोर येतो. जागतिक वैद्यकाच्या इतिहासात या दोन तालुक्यांचे नाव मात्र एका वेगळ्याच दप्तरात आहे. भारतातील पहिल्या ग्रामीण कर्करोग-नोंदणीचे क्षेत्र बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेड्यांचे होते.

२/
या धाग्याचा प्रश्न साधा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जगाने दखल घ्यावी असे संशोधन झाले. मेंदूच्या कर्करोगावर, किंबहुना मेंदूच्या कोणत्याच विकारावर, तसे काही झाले नाही. असे का झाले असावे? उत्तर शोधायचे तर पैशाच्या मागावर जावे लागते. संशोधनाचा पैसा कोणाच्या तिजोरीतून निघतो, कोणत्या रोगापाशी थांबतो आणि कोणत्या रोगाला वळसा घालून पुढे जातो, हाही इतिहासाचाच विषय आहे. राजांच्या सनदा आपण वाचतो, तशाच अनुदानाच्या सनदाही वाचायला हव्यात.

३/
आरंभ मुंबईत होतो. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पती सर दोराबजी यांनी पत्नीच्या स्मरणार्थ जो विश्वस्त निधी ठेवला, तो १९३२ पासून ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ म्हणून ओळखला जातो. उत्पन्नाचे चार हिस्से रक्ताच्या कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी आणि पाचवा हिस्सा भारतातील संशोधनासाठी, अशी त्याची वाटणी. दोराबजीही त्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दरवाजे उघडले.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निधीला रोगाचे नाव मिळाले ते घरातल्या मृत्यूवरून. मेहेरबाईंना मेंदूची गाठ झाली असती तर कदाचित भारतातला पहिला मोठा खासगी वैद्यकीय निधी मेंदूच्या नावाने ओळखला गेला असता. ‘कदाचित’ हा शब्द इतिहासात जपून वापरावा हे खरे. पण दानाच्या इतिहासात हा आकृतिबंध वारंवार दिसतो. अलीकडचे उदाहरण इंग्लंडचे. टेसा जॉवेल या माजी मंत्री २०१८ मध्ये मेंदूच्या अतिशय घातक अशा गाठीने वारल्या आणि ब्रिटिश सरकारने मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ४ कोटी पौंड जाहीर केले. त्यांच्या आधीही त्या देशात शेकडो माणसे याच गाठीने दरवर्षी मरत होती.

५/
दुसरी तिजोरी सरकारची. ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ ही संस्था १९११ मध्ये वसाहती सरकारने स्थापली. तिची आस्था साथींमध्ये होती : मलेरिया, प्लेग, कॉलरा, काळा आजार. सैन्य आणि मळे यांना ज्या रोगांनी ग्रासले त्यांच्यासाठी पैसा होता. १९४९ मध्ये तिचे नाव ‘भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद’ झाले आणि हळूहळू कर्करोगही तिच्या यादीत आला.

६/
मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांनी या दोन तिजोऱ्यांच्या मधली जागा भरून काढली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते खानोलकर टाटा रुग्णालयात सूक्ष्मदर्शकापाशी बसले आणि भारतातल्या कर्करोगाचा चेहरा युरोपातल्या कर्करोगापेक्षा वेगळा आहे हे दाखवत राहिले. येथे तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता. तंबाखू आणि पान यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९६२ मध्ये टाटा रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला. त्या विभागाचे प्रमुख होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एक होऊन आजचे टाटा स्मारक केंद्र आकाराला आले.

७/
मग मेंदू कुठे होता?
तोही मुंबईतच होता. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात दराब दस्तूर यांनी मेंदू व मज्जातंतूंच्या विकृतिशास्त्राचा विभाग चालवला. त्याला वैद्यकीय संशोधन परिषदेचे पाठबळ होते. १९६८ मध्ये दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीच्या आत जागा व्यापणाऱ्या एक हजार गाठींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य वाचकाला त्यात चकित करणारी बाब ही होती की ‘मेंदूची गाठ’ म्हणून आलेल्या रुग्णांपैकी लक्षणीय वाटा कर्करोगाचा नव्हताच. त्या क्षयाच्या गाठी होत्या. फुप्फुसात घर करणारा जंतू मेंदूत जाऊन गाठ बांधत होता आणि बाहेरून ती ओळखू येत नव्हती.

८/
हा निष्कर्ष येथे जरा थांबून वाचण्यासारखा आहे. भारतातल्या गरीब माणसाच्या डोक्यातील गाठ ही लंडनच्या पुस्तकातील गाठ असेलच असे नाही, एवढे त्याने सिद्ध केले. म्हणजे मेंदूच्या विकारांवर येथेच संशोधन होण्याची निकड होती. उधार उत्तर येथे चालणारे नव्हते. पण हजार गाठी गोळा व्हायला मुंबईसारखे महानगर, तेथली मेंदू-शल्यचिकित्सा आणि शवविच्छेदनाची सोय लागली. परांड्यातला एखादा शेतकरी फिट येऊन पडला तर तो त्या हजारांत मोजला जाण्याची शक्यता किती? गावात फिटेला बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठण्याचा काळ होता. वैद्य गाठला तरी कवटीच्या आत डोकावण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. सी. टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला तोच मुळी १९७१ मध्ये, लंडनला.

९/
आता बार्शीकडे येऊ.
बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातले व्यापारी गाव. निजामी मुलुखाच्या अगदी सीमेवर, ब्रिटिश हद्दीत. पलीकडच्या परांडा-भूमच्या लोकांना बाजारहाट, दवाखाना, रेल्वे यांसाठी बार्शीच जवळची. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५६ आणि १९६० मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, पण पायाखालची वाट बदलली नाही. जिल्हा उस्मानाबाद, पण आजारी माणूस बार्शीला, हा रिवाज कायम राहिला. प्रशासकीय नकाशा आणि माणसांचा नकाशा यांतला हा फरक पुढच्या सगळ्या कथेला कारण झाला.

१०/
अभिनेत्री नर्गिस दत्त १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या प्रतिष्ठानचे आणि बार्शीतील डॉक्टरांचे सूत जुळले आणि १९८०च्या दशकात या तालुक्याच्या गावी ‘नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय’ उभे राहिले. डॉ. भ. म. नेने हे त्यामागचे प्रमुख नाव. पुन्हा तेच : घरातला मृत्यू, त्यातून निधी, निधीतून इमारत. फरक इतकाच की या वेळी इमारत परळला न उभी राहता ज्वारीच्या शेतांमध्ये उभी राहिली.

११/
भारतात लोकसंख्येवर आधारित कर्करोग-नोंदणी आधी मुंबईत, १९६३ मध्ये सुरू झाली. ती इंडियन कॅन्सर सोसायटीची आणि डॉ. जस्सावाला यांची कामगिरी. वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला तो १९८१-८२ मध्ये. मुंबई, बंगळूर, मद्रास : सगळी शहरे. बहुसंख्य भारत खेड्यात राहत असताना भारताच्या कर्करोगाचे चित्र तीन महानगरांवरून काढले जात होते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ खेडी आणि सुमारे चार लाख लोक तिच्या कक्षेत होते.

१२/
शहरातली नोंदणी तुलनेने सोपी. रुग्णालयांत जायचे, दप्तर पाहायचे, नावे उतरवायची. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसेल तर दप्तरात काय सापडणार? म्हणून बार्शीकरांनी उलटा मार्ग घेतला. क्षेत्र-कर्मचारी गावोगाव फिरू लागले. चावडीवर, शाळेत, घराच्या ओट्यावर लोकांशी बोलायचे, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगायची, संशयित रुग्णाला बार्शीला तपासणीसाठी येण्यास राजी करायचे आणि मगच नोंद करायची. मोजणीसाठी गेलेली माणसे नकळत आरोग्यशिक्षक झाली. त्याचा परिणामही आकड्यांत उतरला. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही नोंद आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही; केवळ बोलण्याने झालेला हा फरक होता.

१३/
आणि येथेच मेंदू मागे पडतो.
ओट्यावर बसून विचारता येणारी लक्षणे कोणती? अंगावरून अवेळी जाते का, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ लागते का, गिळताना अडकते का. ही लक्षणे सांगता येतात, दिसतात, हाताला लागतात. मेंदूच्या गाठीचे लक्षण म्हणजे डोकेदुखी, ओकारी, फिट, अंधुक दिसणे, स्वभाव पालटणे. उन्हाळ्यात रानात राबणाऱ्या कोणत्या माणसाचे डोके दुखत नाही? संशय आलाच तरी खात्रीसाठी स्कॅन हवा आणि गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हवा. पद्धत उत्तम होती. पण प्रत्येक पद्धत आपल्या मापाचेच रोग पकडते.

१४/
ज्याची नोंद होते त्याचे ओझे सिद्ध होते, ज्याचे ओझे सिद्ध होते त्याला अनुदान मिळते, ज्याला अनुदान मिळते त्याची नोंद आणखी सुधारते. बार्शीच्या नोंदवहीत स्त्रियांच्या पानांवर सर्वांत ठळक रोग होता तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्यामुळे जगातला पैसा या रोगासाठी ठिकाण शोधू लागला, तेव्हा बार्शीकडे दाखवायला नोंदवही होती, प्रशिक्षित माणसे होती आणि गावांचा विश्वास होता.

१५/
तो पैसा आला १९९९ मध्ये. बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी पाच आंतरराष्ट्रीय संस्थांच्या आघाडीला ५ कोटी डॉलर दिले. त्या पाचांत फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती. ल्यों, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय अशी साखळी जुळली आणि उस्मानाबाद जिल्हा प्रयोगभूमी ठरला.

१६/
प्रयोगाची रचना अशी. जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. समूह चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत विभागले. एका गटाला विषाणूची चाचणी, म्हणजे एच.पी.व्ही. तपासणी. दुसऱ्याला पॅप चाचणी. तिसऱ्याला सर्वांत स्वस्त उपाय : सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला तपासणी नाही. नेहमीची सरकारी आरोग्यसेवा आणि तपासणी कोठे होते याची माहिती. कोणता उपाय मृत्यू टाळतो हे पाहायचे होते. तपासण्या १९९९ ते २००३ या काळात झाल्या आणि पाठपुरावा २००७ अखेरपर्यंत चालला.

१७/
निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तपासणी न झालेल्या गटात पुढच्या अवस्थेतील कर्करोग ८२ स्त्रियांना झाला आणि ६४ स्त्रिया दगावल्या. विषाणू-चाचणीच्या गटात, जो संख्येने थोडा मोठाच होता, हे आकडे ३९ आणि ३४ होते. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पॅप आणि ॲसिटिक ॲसिड यांनी या प्रयोगात मृत्यूंमध्ये ठाम म्हणता येईल अशी घट दाखवली नाही. त्याच अंकातील संपादकीयाच्या शीर्षकाचा आशय ‘भारताकडून जगाला’ असा होता. खरे तर ते उस्मानाबादकडून म्हणायला हवे होते. पण वैद्यकाच्या नियतकालिकांना तालुके ठाऊक नसतात.

१८/
गौरवाची बाजू झाली. दुसरी बाजूही याच आकड्यांत आहे.
त्या चौथ्या गटातील ६४ स्त्रिया कोण होत्या? पॅप चाचणी उपयुक्त आहे हे श्रीमंत देशांना १९९९ च्या कितीतरी आधी ठाऊक होते. मग ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य होते का? अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१४ मध्ये भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात मांडला. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल या तीन प्रयोगांतील तपासणी न झालेल्या गटांमध्ये मिळून किमान २५४ स्त्रिया मरण पावल्या, असा त्यांचा हिशेब होता.

१९/
संशोधकांचे उत्तरही नोंदवले पाहिजे. भारतात तेव्हा खेड्यातील स्त्रीला कोणतीच तपासणी मिळत नव्हती. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणीचा अभाव, हीच वस्तुस्थिती होती आणि प्रयोगाने ती निर्माण केली नव्हती. तुलनेशिवाय सरकारला पटेल असा पुरावा मिळाला नसता. या युक्तिवादात तथ्य आहे. तरीही तो पूर्ण समाधान करत नाही. ‘नेहमीची सेवा’ इतकी निकृष्ट आहे म्हणूनच प्रयोग येथे शक्य झाला. म्हणजे जिल्ह्याचे दारिद्र्य हीच त्याची संशोधनासाठीची पात्रता ठरली. पैसा सिअॅटलचा, आराखडा ल्योंचा, धोका परांडा-तुळजापूर-कळंबच्या घरांतला. हे वाक्य कठोर वाटेल, पण त्याच वेळी हेही खरे की याच प्रयोगात तपासल्या गेलेल्या हजारो स्त्रियांच्या पेशी कर्करोग होण्याआधीच ओळखल्या गेल्या आणि त्यांच्यावर उपचार झाले. दोन्ही गोष्टी एकाच दप्तरात आहेत. एक फाडून दुसरी वाचता येत नाही.

२०/
मेंदूच्या कर्करोगावर असा प्रयोग का होऊ शकला नसता, याचे उत्तर एका तुलनेत मिळते. टाटा रुग्णालयात राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अभ्यास सुरू केला. मेंदूत सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या गाठी असलेल्या मुलांना आणि तरुणांना नेमका वेध घेणारे किरणोपचार दिले, तर त्यांची बुद्धी आणि संप्रेरके नेहमीच्या किरणोपचारांपेक्षा अधिक जपली जातात का, हा प्रश्न होता. उत्तर ‘होय’ असे आले आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र २०० रुग्ण मिळवायला संपूर्ण देशातून रुग्ण येणाऱ्या त्या रुग्णालयाला ११ वर्षे लागली. उस्मानाबादेत चार वर्षांत सव्वा लाखांहून अधिक स्त्रिया प्रयोगात आल्या होत्या. मेंदूची गाठ विरळ, उपचार महाग, आणि तपासणीने आधीच गाठून टाळता येईल अशी पूर्वावस्था तिला नाही. किती मृत्यू टळतील असे विचारणाऱ्या दात्याला तिच्यापाशी देण्याजोगे उत्तर नसते.

२१/
मेंदूसाठी भारतात पैसा आलाच नाही असे नाही. बंगळूरची निम्हान्स १९७४ ची. जैवतंत्रज्ञान विभागाने हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभारले. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने लहान मुलांच्या मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे उपप्रकार ओळखणारी चाचणी विकसित केली; जुन्या, मेणात जपलेल्या नमुन्यांवरही ती चालते, हे तिचे भारतीय रुग्णालयांच्या दृष्टीने महत्त्व. २०१४ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांनी भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्रासाठी २२५ कोटी रुपये देऊ केले आणि त्याच सुमारास टाटा विश्वस्त संस्थांनी अल्झायमरच्या संशोधनासाठी ७५ कोटी.

२२/
यांतील विज्ञान संस्थेच्या केंद्राने एक पाऊल असे टाकले जे बार्शीची आठवण करून देते. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यातील ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांच्या मेंदूचा दीर्घकालीन अभ्यास त्याने हाती घेतला. खेड्यातला मेंदू म्हातारपणी कसा बदलतो, स्मृतिभ्रंश कोणाला होतो, याची नोंद. जे १९८७ मध्ये परांडा-भूमला कर्करोगासाठी झाले, ते मेंदूसाठी व्हायला आणखी तीन दशके जावी लागली आणि ते मराठवाड्यात झाले नाही.

२३/
उस्मानाबादच्या प्रयोगाचे फळ कोणाला मिळाले, हाही उपप्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्राथमिक तपासणीसाठी विषाणू-चाचणीची शिफारस केली. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचा वाटा मोठा. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्याने मात्र खेड्यांसाठी ॲसिटिक ॲसिडची तपासणी निवडली. मुंबई आणि दिंडिगलच्या प्रयोगांत तिने मृत्यू कमी केले होते, हे त्याला आधाराचे. आणि ती स्वस्त आहे, हे बहुधा त्याहून अधिक आधाराचे. ज्या चाचणीने उस्मानाबादमधील मृत्यू निम्म्यावर आणले, ती जिल्ह्यातील स्त्रीला नेहमीची सेवा म्हणून मिळालेली नाही.

२४/
बार्शीची नोंदणी पुढेही चालू राहिली. तिच्या जोडीला उस्मानाबाद आणि बीड या दोन जिल्ह्यांची स्वतंत्र नोंदणीही राष्ट्रीय कार्यक्रमात आली. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात वयानुरूप दर मांडले आहेत. देशात सर्वांत जास्त दर पुरुषांमध्ये मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखामागे २६९.४. सर्वांत कमी दर उस्मानाबाद-बीडमध्ये, लाखामागे ३९.५. स्त्रियांमध्येही तळाला हेच दोन जिल्हे, ४९.४.

२५/
३९.५ हा आकडा दोन प्रकारे वाचता येतो. एक वाचन सुखाचे : येथे कर्करोग खरोखरच कमी आहे. आहार, सवयी, हवा यांची कारणे त्यासाठी शोधता येतील, आणि त्यांत काही तथ्य असूही शकेल. दुसरे वाचन त्या ओट्यावरच्या प्रश्नांकडे परत नेते. ज्या रुग्णाला स्कॅन मिळाला नाही, जो पुण्या-मुंबईला जाण्याआधीच गेला, ज्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘ताप’ किंवा ‘झटके’ असे काही लिहिले गेले, तो या आकड्यात नाही. तोंडाचा कर्करोग असलेला माणूस सहसा कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. कवटीच्या आतली गाठ पडत नाही. १९६८ मध्ये दस्तूरांनी मोजलेल्या हजार गाठींत किती परांड्याच्या होत्या हे कोणी विचारले नव्हते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. नोंदवहीतील मेंदूचे पान अजून फारसे भरलेले नाही.